दाब किती उतरवायचा

जबडा कापून पुढे-मागे बसवायच्या ऑपरेशनमध्ये आम्ही पेशंटचा रक्तदाब मुद्दाम उतरवतो, हे सांगितलं की घरची माणसं घाबरतात. त्यांचं चुकत नाही. कोकणात घरटी एक तरी म्हातारं माणूस बीपीच्या गोळीवर असतं, आणि ‘बीपी लो झालं’ म्हणजे चक्कर, घाम, रिक्षा आणि सलाईन एवढंच सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मी रत्नागिरी जिल्ह्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. एका मुलीला अशी भूल दिली त्याची हकिगत इथे सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्या घरात असं ऑपरेशन ठरलं असेल त्यांना निदान आत काय चालतं ते कळावं, आणि आपल्या भूलतज्ज्ञाला काय विचारायचं तेही.

मुलगी एकवीस वर्षांची, दापोलीकडच्या किनाऱ्यावरची. वडील मच्छीमार बोटीवर तांडेल. तिचा खालचा जबडा पुढे आलेला, वरचा मागे राहिलेला, त्यामुळे पुढचे दात एकमेकांना लागतच नसत. भाकरीचा तुकडा तिला पुढच्या दातांनी तोडता येत नव्हता, हाताने मोडून दाढांकडे सरकवायची. तारा लावून वर्षभरापेक्षा जास्त काळ दात ओळीत आणून झाले होते. आता वरचा जबडा आडवा कापून पाच मिलिमीटर पुढे आणि खालचा दोन्ही बाजूंनी चिरून चार मिलिमीटर मागे घ्यायचा होता. वरच्या कापाला ल फोर्ट वन म्हणतात. रेने ल फोर्ट या फ्रेंच सर्जनने १९०१ साली चेहऱ्याची हाडं मार लागल्यावर कुठल्या रेषांवर मोडतात ते दाखवून दिलं. त्यातल्या सगळ्यात खालच्या रेषेवर सर्जन आज ते हाड मोजूनमापून सोडवतात.

या ऑपरेशनमध्ये रक्ताची अडचण अशी की, चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर आणि कापलेल्या हाडातून झिरपणारं रक्त चिमट्यात धरता येत नाही. वरच्या जबड्याच्या मागे मोठी धमनी जाते, शिवाय शिरांचं जाळं असतं. तिथे छिन्नी चालते ती सर्जनच्या बोटाच्या अंदाजावर, डोळ्यांना दिसत नाही. वरचा जबडा खाली मोडून घेतला की मगच मागची जागा उघडी होते. तोपर्यंत रक्त भरून आलं तर काम आंधळं होतं. म्हणून दाब उतरवायचा. कल्पना जुनी आहे. १९४६ साली गार्डनर यांनी मेंदूच्या ऑपरेशनसाठी चक्क धमनीतून रक्त काढून दाब कमी केला होता. १९५० साली इंग्लंडमध्ये एंडरबी यांनी औषध आणि टेबलाचा उतार एकत्र वापरून तेच साधलं. औषधं तेव्हापासून पार बदलली, उताराची युक्ती मात्र अजून चालू आहे.

वडिलांना ऑपरेशन जूनमध्ये हवं होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या, माणूस घरी. त्यांच्या दृष्टीने दुसरा मुहूर्तच नव्हता. पण मुलीचं हिमोग्लोबिन निघालं ९.९. मी नाही म्हणाले. दाब उतरवला की शरीरात रक्त हळू फिरतं, मग त्या रक्तात प्राणवायू वाहण्याची ताकद तरी पुरेपूर असली पाहिजे. दोन्हीकडे कमी करून चालत नाही. ते बराच वेळ गप्प बसले. मोसम सुरू झाल्यावर सुट्टी घेणं म्हणजे त्यांच्या हिश्श्याचे पैसे जाणार, हे मला दिसत होतं आणि वाईटही वाटत होतं. तरी शिरेतून लोह द्यायचं, जंताचं औषध द्यायचं आणि गणपती झाले की पुन्हा तपासायचं, असं ठरलं. गणपतीनंतर आकडा ११.९ आला. दुसरी गोष्ट रक्तपेढीची. पावसाळ्यात इथे रक्तदाते जमवणं जड जातं. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं आणि घाटही बंद पडले, तेव्हापासून ‘लागलंच तर कोल्हापूरहून मागवू’ या वाक्यावर मी विसंबत नाही. एक पिशवी क्रॉसमॅच करून, म्हणजे पेशंटच्या रक्ताशी जुळते का ते तपासून, हातात असल्याशिवाय या ऑपरेशनला हात लावायचा नाही, हे आमच्या टीमचं ठरलेलं आहे.

आदल्या संध्याकाळी वडील आणि मुलगी दोघंही समोर बसले.

“मॅडम, म्हणजे तुम्ही मुद्दाम बीपी खाली आणणार? माझ्या आईचं लो झालं तेव्हा ती न्हाणीत पडली होती.”

“आजी उभ्या होत्या ना, दादा. उभ्या माणसाचा दाब एकदम पडला की डोक्याकडे रक्त पोचत नाही. ही झोपलेली असेल. मी औषधाने हळूहळू उतरवणार, दर ठोक्याला आकडा समोर दिसणार, आणि औषध बंद केलं की काही मिनिटांत वर येणार.”

“किती खाली?”

हा खरा प्रश्न. तो फार थोडे लोक विचारतात. मी कागद घेतला. तिचा नेहमीचा दाब ११०/७२. आम्ही वरचा किंवा खालचा आकडा धरून चालत नाही, सरासरी धरतो: खालच्या आकड्यात दोन्हींमधल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवायचा. तिची सरासरी ८५ आली. निरोगी तरुण माणसात ही सरासरी पंचवीस ते तीस टक्क्यांनी उतरवता येते आणि ६० च्या खाली जायचं नाही, असा माझा दंडक. म्हणून तिच्यासाठी मी ६२ ते ६५ लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ मारली. मेंदू, मूत्रपिंड, हृदय यांना आपापला रक्तपुरवठा थोडाफार सांभाळून घेता येतो, पण त्याला मर्यादा आहे. ज्याला वर्षानुवर्षं उच्च रक्तदाब आहे त्याच्या मेंदूला जास्त दाबाचीच सवय लागलेली असते, त्याची मर्यादा वर सरकलेली असते. हृदयाची धमनी अरुंद असेल, अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल, मूत्रपिंड कमजोर असेल, तर हा मार्ग नकोच. आजींना हे कधीच केलं नसतं, असंही मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी सही केली. मुलीने फक्त एवढं विचारलं की नळी नाकातून घालणार ती जागेपणी की झोपेत. झोपेत, म्हटलं.

सकाळी तिला टेबलावर घेतलं तेव्हा नाडी १०८ होती. भीतीची नाडी. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण माझ्या मते या सगळ्या कामात आकड्याइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, नाडी महत्त्वाची. नुसतं रक्तवाहिन्या सैल करणारं औषध देऊन दाब पाडता येतो. पण मग हृदय भरपाई म्हणून जोरात धावायला लागतं, आणि मॉनिटरवर ६२ दिसत असूनही हाडातून रक्त झिरपत राहतं. नाडी साठ-सत्तरच्या आसपास शांत असेल तर त्याच ६२ वर जखम कितीतरी कोरडी दिसते. म्हणून मी दाबाच्या औषधाकडे शेवटी वळते. आधी भूल पुरेशी खोल, वेदना पूर्ण बंद, आणि नाडी शांत करणारं डेक्समेडेटोमिडीन दहा मिनिटांत सावकाश. एवढ्याने बहुतेक तरुण पेशंटचा दाब आपसूक खाली येतो.

झोप लागल्यावर नाकातून नळी घातली. सर्जनला दात मिटवून चावा जुळतो का ते बघायचं असतं, तोंडात नळी चालत नाही. नळी आधी कोमट सलाईनमध्ये ठेवून मऊ केली होती, नाकपुडीत थेंब टाकले होते. घशात ओल्या गॉजची पट्टी भरली, तिचं टोक बाहेर ठेवलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: घशात पॅक आहे. हे लिहिणं मी कधी दुसऱ्यावर सोपवत नाही. लघवीची नळी घातली, ताशी किती होते ते कळायला हवं. मग डाव्या मनगटाच्या धमनीत बारीक कॅन्युला. त्याआधी मूठ वळवून, दोन्ही धमन्या दाबून, मग करंगळीकडची सोडून पंजा पुन्हा लाल होतो की नाही ते पाहिलं होतं, म्हणजे एका धमनीत काही बिघडलं तरी हाताला दुसरी आहे.

आता एक गोष्ट जरा जवळून सांगते, कारण मला वाटतं अख्ख्या प्रक्रियेचं इमान इथे आहे. धमनीतल्या कॅन्युलापासून एक कडक नळी निघते आणि हाताच्या मुठीएवढ्याही नसलेल्या एका प्लास्टिकच्या डबीपर्यंत जाते. ती डबी म्हणजे ट्रान्सड्यूसर. ही डबी ज्या उंचीवर बांधाल त्या उंचीवरचा दाब ती सांगते. साधारण पद्धत हृदयाच्या पातळीवर बांधायची. पण या ऑपरेशनमध्ये शिरांमधलं रक्त खाली उतरावं म्हणून टेबलाचं डोकं पंधरा अंश वर केलेलं असतं. आपल्या वाड्या चढावर असतात, खालच्या घरात नळाला जी धार असते ती वरच्या घरात नसते, तसंच हे आहे. दर दहा सेंटिमीटर उंचीला पाऱ्याच्या साडेसात मिलिमीटरइतका दाब कमी होतो. डोकं हृदयापेक्षा वीस सेंटिमीटर वर असेल आणि डबी हृदयापाशी बांधून मी ६२ बघत बसले, तर मेंदूला मिळतात फक्त ४७. मॉनिटर काही खोटं बोलत नाही, पण तो दुसऱ्याच जागेचं खरं सांगत असतो. म्हणून मी टेबल उचलून झाल्यावर डबी सलाईनच्या स्टँडवर कानाच्या छिद्राच्या रेषेत चिकटवते, शून्य करते, आणि टेबल हललं की पुन्हा बघते. त्या दिवशी सर्जनने मध्येच टेबल थोडं खाली मागितलं, तेव्हा डबीही तेवढीच सरकवली. दंडावरचा पट्टाही बांधलेला होताच, पण तो ताडून बघायला.

चीर घेण्याआधी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड दिलं, साधारण किलोमागे दहा मिलिग्रॅम. रक्ताची गुठळी लवकर विरघळू नये म्हणून. सर्जनने हिरडीत ॲड्रेनलिन मिसळलेलं बधिरीकरणाचं इंजेक्शन दिलं, त्याने तिथल्या वाहिन्या आवळतात. त्याचा परिणाम होईपर्यंत पाच-सात मिनिटं कोणी काहीच करत नाही. नवीन लोकांना ही थांबण्याची वेळ फुकट वाटते, पण रक्त वाचतं ते इथेच.

काम सुरू झालं तेव्हा सरासरी ७२ होती. गाल आणि हिरडी उलगडताना तेवढं पुरतं, आणि गरज नसताना दाब खाली ठेवायला मी तयार नसते. करवत हाडाला लागण्याआधी सर्जन मला सांगतात, “मॅडम, पाच मिनिटांत.” मग मी भुलीचं औषध प्रोपोफॉल आणि भूलवायू किंचित वाढवला. आकडा ६७ वर येऊन अडला. रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोग्लिसरीन सिरिंज पंपात भरून ठेवलेलं होतं, पण नाडी ७६ होती, म्हणून मी दाबाबरोबर नाडीही उतरवणाऱ्या लॅबेटालॉलची लहानशी मात्रा निवडली. चार-पाच मिनिटांत ६३, नाडी ६४. धमनीतल्या दाबाच्या लाटेचा आलेख मॉनिटरवर बारीक पण नीट उभा होता. कार्बन डायऑक्साइड ३६ वर धरून ठेवला, कारण श्वास जास्त देऊन तो उतरवला तर मेंदूच्या वाहिन्या आवळतात, आणि दाब कमी असताना तेवढीही काटकसर परवडत नाही. लाईट एकदा लुकलुकली. पंप बॅटरीवर चालू राहिले. ते सकाळी मी तपासलेलं होतं.

छिन्नीने वरचा जबडा मागून सुटला आणि सर्जनने तो खाली दाबायला घेतला, त्या क्षणी नाडीचा आवाज बदलला. आवाजच आधी कळतो, आकडा नंतर बघितला जातो. ६४, ५२, ४१, ३८.

“थांबा. हात काढा.”

सर्जनने तत्काळ हात काढला. चेहऱ्याच्या मोठ्या मज्जातंतूवर ओढ आली की कधी कधी हृदयाला मेंदूकडून उलटा निरोप जातो आणि ठोके मंदावतात. ओढ काढली की बहुधा सुटतं. नाडी वाढवणाऱ्या ॲट्रोपिनची सिरिंज हातात होती. दहा-बारा सेकंदांत ५०, मग ६०. द्यावं लागलं नाही. दिलं असतं तर नाडी शंभरावर जाऊन मघापासूनचं सगळं विस्कटलं असतं, पण ३८ वर राहिली असती तर क्षणभरही विचार केला नसता. दुसऱ्यांदा सर्जनने जबडा अगदी सावकाश उतरवला. नाडी ५६ पर्यंत गेली आणि तिथेच राहिली.

जबडा खाली आल्यावर मागून रक्त भरून येऊ लागलं. सर्जनने सक्शन लावलं, गॉज दाबलं, काढलं, पुन्हा भरलं. वर न बघता म्हणाले, “अजून थोडं उतरवता का?”

६२ होतं. मी म्हटलं, “आकडा आहे तिथेच राहील. मला एक मिनिट द्या.”

दाब कमी असूनही रक्त येतंय, तर त्याचं कारण दुसरीकडे शोधायचं असतं. गडद, संथ, न उडणारं रक्त म्हणजे शिरांचं. शिरा भरल्या आहेत, कारण त्या कुठेतरी अडल्या आहेत. मी चादरीखाली डोकं घातलं. जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर धरून उभ्या असलेल्या मदतनिसाने दमून मनगट तिच्या मानेच्या उजव्या बाजूला टेकवलं होतं, आणि मान मघापेक्षा बरीच डावीकडे वळली होती. हात उचलायला सांगितला, मान सरळ केली, खांद्याखालची घडी नीट केली. श्वास देणाऱ्या मशीनवर छातीतला हवेचा दाब बघितला, तोही दोनने उतरला. सर्जनने गॉज पाच मिनिटं दाबून धरलं आणि काढलं. हाडाची कड स्वच्छ दिसत होती. सर्जनने नुसतं “हं, आता दिसतंय” म्हटलं आणि कामाला लागले. त्या वेळी मी ५५ वर नेलं असतं तर कदाचित दोन मिनिटं रक्त कमी दिसलं असतं, मान मात्र तशीच वळलेली राहिली असती.

पुढचा भाग सरळ गेला. वरच्या जबड्याला टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू लागले. खालचा जबडा चिरताना रक्त त्या मानाने कमीच येतं, म्हणून मी दाब ७० च्या आसपास सोडून दिला. लघवी ताशी तीस मिलीच्या वर होती, तिच्या ४८ किलो वजनाला ती पुरेशी.

शिवण घालायच्या आधीचा एक टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि घाईत तोच सुटण्याची भीती असते. औषधं कमी करून दाब पुन्हा तिच्या मूळ आकड्यापर्यंत आणायचा, आणि मग थांबायचं. ६२ वर गप्प बसलेली धमनी ८५ वर तोंड उघडते. जखम शिवून झाल्यावर ती वॉर्डात, रात्री, जबडे रबरांनी बांधलेले असताना सुटली तर काय होईल ते सांगायला नको. सरासरी ८४ झाली, सर्जनने बॅटरी लावून पुन्हा सगळीकडे बघितलं. टाळूकडे जाणारी एक बारीक धमनी डाव्या बाजूला उडत होती. ती जाळून बंद केली. आणखी पाच मिनिटं थांबलो आणि मग शिवलं. सक्शनच्या बाटलीतून धुण्याचं सलाईन वजा करून आणि गॉजचं वजन धरून रक्त गेलं ते सुमारे ३०० मिली. रक्तपेढीची पिशवी तशीच परत गेली.

घशातला पॅक काढला, सिस्टरने मोजून मोठ्याने सांगितलं, फळ्यावरचं वाक्य मी पुसलं. तिला पूर्ण जाग आल्यावर, डोकं उंच ठेवून, नळी काढली. खोकला येऊ नये, दाब उसळू नये याची काळजी उतरवण्याइतकीच इथे घ्यावी लागते. नाव सांगता येणार नव्हतं, म्हणून हात दाबायला लावला, दोन्ही पाय हलवायला लावले, बोटं दाखवून किती आहेत ते तिच्या बोटांनी दाखवायला सांगितलं. तिने बरोबर दाखवलं. खाटेच्या उशाशी कात्री चिकटवून ठेवली, रबरं कापायची वेळ आली तर शोधाशोध नको, आणि ती कुठे आहे ते वडिलांनाही दाखवलं.

ते माझ्याकडे न बघता मॉनिटरकडे बघत होते. “ह्याचं सरासरी किती?” त्यांनी विचारलं. दंडाच्या पट्ट्याने १०६/७० दाखवलं होतं. मी म्हटलं, काढा तुम्हीच. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि ८२ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन आधीसारखंच होतं. आईने उकड्या तांदळाची पेज गाळून आणली होती, मीठ घालून, आणि मोठ्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडी थोडी देत होती. सहा आठवडे असंच पातळ आणि मऊ: नाचणीची आंबील, कुळथाचं कढण, मऊ भात. सूज तिसऱ्या दिवसापर्यंत वाढणार हे आधी सांगून ठेवलं होतं, नाहीतर लोक उगीच धसका घेतात.

त्याच सुमारास जबड्याचं हाड मोडलेला एक पेशंट आला, मोटारसायकलवरून पडलेला, वय अठ्ठावन्न, दहा वर्षं बीपीच्या गोळ्या, त्याही मनाला येईल तशा घेतलेल्या. मेंदूला मार नसल्याचं सीटी स्कॅनने पाहून घेतलं होतं. सर्जन तेच होते. दाब उतरवण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीच आधी सांगितलं की याची सरासरी मी नव्वदच्या खाली जाऊ देणार नाही. डोकं वर, मान सरळ, हिरडीत इंजेक्शन, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, नाडी शांत, बाकी सगळं तेच केलं. रक्त थोडं जास्त झिरपलं, वेळही जास्त लागला. सर्जन दर थोड्या वेळाने गॉज दाबून थांबत होते आणि मी त्यांना घाई करत नव्हते.